बैल मोठा घेतला म्हणून वैरण जास्त दिवस पुरत नाही

पत्र असं आहे :

"काका नमस्कार, मी दापोली तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. घरात मी, सासूबाई आणि मुलगी, मिस्टर मुंबईला असतात. दोन वर्षांपूर्वी ९०० व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्यूबलर बॅटरी घेतली, दुकानदार म्हणाला आठ तास आरामात चालेल. पहिल्यापासून अडीच तासाच्या वर कधी गेली नाही आणि आता तर दोन तासातच पीं पीं करायला लागते. शिवाय मधेच लाल लाईट पेटून ओव्हरलोड दाखवतो आणि सगळं बंद. इन्व्हर्टरवर चार पंखे, ट्यूबलाईट, टीव्ही, वायफाय आणि फ्रीज आहे, सासूबाईंचं इन्सुलिन असतं म्हणून फ्रीज घेतला. गणपतीला मुंबईहून पंधरा माणसं येणार. दुकानदार म्हणतो १६०० व्हीएचा मोठा इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या घ्या. दीर म्हणतात जुन्या बॅटरीला शेजारी एक नवी जोड, काम झालं. मुलगी म्हणते लिथियम घे. जाऊबाई म्हणतात सरकारी योजनेतून सोलर बसवा, इन्व्हर्टर काढूनच टाका. विहिरीचा एक एचपीचा पंप पण त्यावर चालला तर बरं होईल. दिरांनी तीस हजार पाठवलेत, ते कशात घालू? बॅटरी देवघरात कोपऱ्यात ठेवलीय, जागा तिथेच होती."

ताई, तुम्ही सगळ्यात शेवटी जे सहज लिहून टाकलंत ना, मी तिथूनच सुरू करतो. ती बॅटरी देवघरातून हलवा. आज जमलं तर आजच. ट्यूबलर, म्हणजे पाणी-अ‍ॅसिड भरलेली शिशाची बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो पेटतो. देवघर म्हणजे बारकी खोली, खिडकी असली तर असली, समई पेटलेली, वर उदबत्ती. दोन वर्षं काही झालं नाही हे तुमचं नशीब समजा, त्याच्यावर तिसरं वर्ष काढू नका. पडवीत हलवा, जिथे वारा खेळता आहे पण पावसाची झड येत नाही अशा भिंतीला. चुलीजवळ नको, उन्हात नको. आणि हलवताना दोन गोष्टी. एक म्हणजे पाण्यासकट तिचं वजन पन्नास किलोच्या वर असतं आणि आत अ‍ॅसिड आहे, तर दोन गडी लावा आणि आडवी होऊ देऊ नका. दुसरी म्हणजे, आणि इथे वायरमन लोक हमखास चुकतात, बॅटरी पडवीत आणि इन्व्हर्टर देवघरातच, मधे लांबलचक वायर, असं करू देऊ नका. इन्व्हर्टर पण बॅटरीसोबतच न्यायचा. लांबवायची तर इन्व्हर्टरपुढची २३० व्होल्टची वायर लांबवा. बॅटरीकडची लाईन असते १२ व्होल्टची, तिच्यातून करंट धो धो वाहतो, त्या वायरीत अर्धा व्होल्ट जरी पडला तरी बारातून तेवढा कमी झाला की.

आता मूळ मुद्दा. चार जणांनी चार सल्ले दिले आणि गंमत म्हणजे चौघांपैकी एकानेही तुम्हाला विचारलं नाही की ताई लाईट गेल्यावर तुम्ही नक्की काय काय चालू ठेवता आणि किती वेळ.

मी दुकानात वीस वर्षं इन्व्हर्टर विकले, २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षं आठवत असतील, खेडेगावात बारा-बारा तास लाईट नसायची, तेव्हा गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं मोठ्यातला मोठा द्या. मी एकच सांगायचो. इन्व्हर्टर म्हणजे बैल आणि बॅटरी म्हणजे वैरण. बैल किती दणकट आहे त्यावर गाडीत एका वेळी किती ओझं भरता येईल ते ठरतं. वैरण किती आहे त्यावर तो किती लांब जाईल ते ठरतं. गाडी अर्ध्या वाटेत थांबते म्हणून दणकट बैल आणला आणि वैरण तेवढीच ठेवली तर काय होणार, ती लवकर संपणार, कारण मोठा बैल नुसता उभा राहिला तरी जास्त खातो. इन्व्हर्टरचं अगदी तसंच आहे, काही न चालवता नुसता चालू ठेवला तरी तो स्वतःसाठी दहा-वीस वॅट घेतोच, मोठा असला की आणखी.

तुमच्या पत्रात दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही दोन्ही एकत्र सांगितलीत. वेळ पुरत नाही, हे वैरणीचं दुखणं. मधेच लाल लाईट पेटून बंद पडतो, हे बैलाचं.

बैलाचं आधी बघू, ते सोपं आहे. ९०० व्हीए म्हणजे ९०० वॅट नाही. व्हीए हा आकडा खोक्यावर मोठा दिसतो म्हणून छापतात, प्रत्यक्षात तुमचा इन्व्हर्टर साधारण ७०० वॅटचं ओझं ओढतो. आता तुमचे चार पंखे जुन्या पद्धतीचे, एकेक ७५ वॅटचा, झाले ३००. तीन ट्यूब ६०, टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स मिळून ६०, वायफाय १०. झाले ४३०. इथपर्यंत बैल मजेत. आता फ्रीज. फ्रीज चालताना जेमतेम १२० वॅट घेतो म्हणून सगळ्यांना वाटतं त्याचं काय एवढं, पण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या त्या क्षणाला तो पाच-सहा पट झटका मारतो. चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढताना बैलाला जो हिसका द्यावा लागतो ना, तोच. एकदा चाक निघालं की मग हलकी. तर ४३० आधीच चालू, त्यात वरून सहा-सातशेचा हिसका, झालं की हजाराच्या वर, आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद पडतो. दर वेळी पडत नाही कारण दर वेळी सगळे पंखे चालू नसतात, मधेमधे पडतो तो म्हणूनच. फ्रीज त्या लाईनवरून काढा, लाल लाईट दिसायची बंद होईल. त्यासाठी १६०० व्हीएचा काही घ्यायला नको.

आता वैरण. हिशोब कंटाळवाणा आहे पण एकदा बघाच, कारण हा कळला की पुढे कुठलाही दुकानदार तुम्हाला गुंडाळू शकणार नाही.

१५० एएच, म्हणजे अँपिअर-अवर, आणि १२ व्होल्ट, गुणाकार १८००. म्हणजे बॅटरीत १८०० वॅट-अवर, पावणेदोन युनिटच्या जरा वर. संध्याकाळी तीन पंखे धरू, २२५, ट्यूब ६०, टीव्ही ६०, वायफाय १०, आणि फ्रीज अर्धा वेळ चालतो असं धरून सरासरी ६०. बेरीज ४१५ वॅट. दुकानदारी हिशोबाने १८०० भागिले ४१५, चार तास वीस मिनिटं. तिथेच आठ तासांचं खोटं उघडं पडलं, पण प्रत्यक्षात चारही मिळत नाहीत, कारण इन्व्हर्टर बाराचे दोनशेतीस करताना पाचवा हिस्सा स्वतः खातो, म्हणजे ४१५ बाहेर द्यायला बॅटरीतून ५२० उपसायचे, म्हणजे ४३ अँपिअर. आणि आता खरी मेख. बॅटरीवरचा तो १५० चा आकडा ना, तो सावकाश वापरलीत तरच खरा असतो. स्टिकर नीट वाचा, कोपऱ्यात सी२० असं बारीक लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ वीस तास लावून, साडेसात-साडेसात अँपिअरने काढलंत तर १५० मिळतील. तुम्ही काढताय ४३ ने. एवढ्या घाईने काढलं की तीच बॅटरी शंभर-एकशेपाचच देते. बाकीचे कुठे जात नाहीत, आत अडकून राहतात, थोडा आराम दिला की थोडे परत येतात, म्हणून तर बंद पडलेला इन्व्हर्टर अर्ध्या तासाने चालू केला की दहा मिनिटं चालतो. तर १०५ भागिले ४३. जेमतेम अडीच तास.

तुम्ही काय लिहिलंत? पहिल्यापासून अडीच तासाच्या वर गेली नाही. बरोबर आहे ताई, बॅटरी खराब नव्हतीच. ती पहिल्या दिवसापासून जेवढं देणं शक्य होतं तेवढं इमानदारीत देत होती. हल्ली जो अर्धा तास कमी झालाय तेवढाच काय तो तपासायचा.

तो तपासायला आधी पाणी बघा. वरच्या सहा बुचांतले फ्लोट खाली गेलेले असतील तर बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरच, खुणेपर्यंत भरा. विहिरीचं नाही, फिल्टरचं नाही, आणि आपल्याकडे एक समजूत आहे की पागोळीचं पाणी शुद्ध असतं ते चालतं, तर तेही नाही. अ‍ॅसिड तर कधीच वरून ओतायचं नाही, कमी होतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच असतं. टर्मिनलवर पांढरं-हिरवं फूल आलं असेल तर सगळं बंद करून वायर सोडून गरम पाण्याने ब्रशने साफ करा, लग, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीनचा हात. लग सैल असला की तिथे तापतो आणि तेवढी वैरण रस्त्यातच सांडते. मग बॅटरी पूर्ण चार्ज करून, चार्जिंग बंद करून, दोन-तीन तास नुसती ठेवून मल्टिमीटरने मोजायला सांगा. १२.५-१२.७ आले तर पूर्ण भरलीय. १२.२ म्हणजे अर्धीच भरलीय. हे करूनही फरक पडला नाही तर बॅटरीवाल्याकडून काचेच्या नळकांड्याने, म्हणजे हायड्रोमीटरने, सहाही खणांतल्या पाण्याची घनता मोजून घ्या, पाच खण बाराशे तीस-चाळीस दाखवतात आणि एकच अकराशे, असं निघालं तर तो खण मेला, आणि मग वॉरंटी कार्ड शोधा, दोनच वर्षं झालीत, बहुतेक अजून मुदतीत असेल.

अजून एक बघायचंय आणि हे फार कोणी सांगत नाही. तुमच्या इन्व्हर्टरच्या मागे एक बारकं बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल असं काहीतरी लिहिलेलं. यूपीएसवर असलं की व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं रे गेलं की इन्व्हर्टर मेन लाईन सोडून बॅटरीवर जातो. खेडेगावात संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज काय असतं ते मी सांगायला नको. म्हणजे लाईट आहे, शेजाऱ्यांकडे बल्ब मिणमिणतोय, आणि तुमची बॅटरी गुपचूप संपतेय, मग नऊ वाजता खरंच लाईट जाते तेव्हा ती आधीच अर्धी झालेली असते. कॉम्प्युटर नसेल तर ते बटण दुसऱ्या बाजूला करा. फुकटातलं काम आहे.

आता सल्ल्यांकडे येऊ.

दिरांचा आधी, कारण तो स्वस्त वाटतो आणि सगळ्यात वाईट आहे, दिरांना राग आला तर माझं नाव सांगा. जुन्या बॅटरीला नवी शेजारी जोडली की नवी जुनीला पाजत बसते, जुनी पीत राहते, आणि वर्षभरात दोघी सारख्याच म्हाताऱ्या होतात. दुसरं म्हणजे चार्जिंग. तुमचा इन्व्हर्टर बॅटरीत १०-१५ अँपिअर भरतो, एक १५० ची रिकामी बॅटरी भरायला त्याला बारा-तेरा तास लागतात. दोन केल्यात की चोवीस. जुलै-ऑगस्टमध्ये सलग चोवीस तास लाईट कधी असते का आपल्याकडे? म्हणजे दोन्ही कायम अर्ध्या भरलेल्या राहणार आणि अर्धी भरलेली ठेवलेली शिशाची बॅटरी आतून पांढरी पडत जाते, मरते. आणि जोडताना कोणी चुकून एकापुढे एक अशी जोडली, म्हणजे २४ व्होल्ट केले, तर तुमचा १२ चा इन्व्हर्टर जागीच जाईल. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, उमेदवारीत असताना माझ्या हातून झालंय, ठप्प असा आवाज आणि दुकानभर जळका वास, मालकाने दोन महिन्यांच्या पगारातून कापून घेतले.

दुकानदाराचा सल्ला चुकीचा नाही, महाग आहे. १६०० व्हीएला २४ व्होल्ट, म्हणजे दोन सारख्या नव्या बॅटऱ्या, त्यावर आजचंच ओझं पाच तास जाईल हे खरं. पण त्यात तुमची आत्ताची बॅटरी आणि इन्व्हर्टर दोन्ही अडगळीत, आणि तीस हजारात ते बसत नाही, चाळीसच्या वर जाईल. चार तास तर तुम्हाला दहा हजारात मिळतात, ते सांगतो पुढे.

मुलगी हुशार आहे, लिथियम चांगलीच. पाणी नको, लवकर भरते, वर्षं जास्त टिकते, आणि घाईने काढलं तरी शिशासारखी कमी देत नाही. १०० एएचची लिथियम म्हणजे १२८० वॅट-अवर, त्यातले साडेअकराशे बिनधास्त वापरायचे. पण तुमच्या आजच्या ओझ्याला भागा, ११५० भागिले ५२०, किती आले? सव्वादोन तास. पैसे जास्त आणि वेळ तेवढाच. शिवाय तुमच्या इन्व्हर्टरला लिथियमचं सेटिंग आहे का ते बघावं लागेल, नसेल तर त्याचं चार्जिंग शिशाच्या बॅटरीच्या हिशोबाचं असतं आणि लिथियमच्या आतला संरक्षक बोर्ड मधेच तोडून टाकतो. ही बॅटरी मरेल तेव्हा लिथियमचा विचार करा, तेव्हा मीच म्हणेन घ्या. आत्ता नाही.

जाऊबाईंचं मात्र नीट समजून घ्या कारण यात कितीतरी लोक फसलेत, म्हणजे कोणी फसवलं असं नाही, स्वतःच गैरसमज करून घेतला. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली, एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यावर ७८ हजार अनुदान मिळतं, बिलासाठी झकास आहे. पण छपरावर जे साधं ऑन-ग्रिड, म्हणजे थेट मेन लाईनला जोडलेलं, बसवतात ते लाईट गेली की बंद पडतं. भर दुपारी, कडक उन्हात, पॅनेल तळपतायत आणि घरात अंधार. मुद्दामच तसं केलेलं असतं, कारण तुमच्या छपरावरची वीज तारेत उलटी गेली तर लाईट बंद आहे म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. लाईट गेल्यावरही चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, म्हणजे फिरून वैरणीचा प्रश्न आलाच. तेव्हा सोलर हा बिलाचा उपाय आहे, अंधाराचा नाही, दोन्हीची गल्लत करू नका. सोलर बसवा, पण इन्व्हर्टर काढू नका.

पंप सोडून द्या ताई. एक एचपी म्हणजे चालताना अकराशे-बाराशे वॅट आणि सुरू होताना चार-पाच हजाराचा हिसका. तुमचा बैल तर नाहीच, दुकानदाराचा १६०० चा सुद्धा गुडघ्यावर येईल. लाईट असताना टाकी भरून ठेवायची सवय लावा, एक हजार लिटरची टाकी हीच पाण्याची बॅटरी, आणि ती कोणत्याही बॅटरीपेक्षा स्वस्त. तसंच इस्त्री, गीझर, पाण्यातला रॉड, इंडक्शन, जे जे तापतं ते ते इन्व्हर्टरवर नाही म्हणजे नाही. मिक्सर वाटपापुरता दोन मिनिटं चालवावासा वाटतो हे मला माहीत आहे, पण साडेसातशेचा मिक्सर ओलं खोबरं घालून सुरू केलात की पुन्हा तो लाल लाईट. पाटा-वरवंटा पुसून ठेवा, नाहीतर वाटप सकाळी लाईट असतानाच करून ठेवा.

मग करायचं काय? ओझं कमी करायचं. तीस हजारातले नऊ-दहा हजार काढा आणि तीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे घ्या. अडीच ते साडेतीन हजाराला एक मिळतो. तो फुल स्पीडला ३० वॅटच्या आसपास घेतो, तुमचा जुना ७५. दिसायला सारखाच, वारा सारखाच, फक्त आत मोटर वेगळी. आता संध्याकाळचा हिशोब परत मांडा : तीन पंखे ९०, ट्यूब ६०, टीव्ही ६०, वायफाय १०. २२० वॅट. बॅटरीतून २३ अँपिअर. आणि बघा, सावकाश काढायला लागलात म्हणून तीच बॅटरी आता १०५ च्या जागी १२० देते, दोन्हीकडून फायदा. नव्या बॅटरीवर पाच तास, तुमच्या दोन वर्षांच्या बॅटरीवर चार. रात्री टीव्ही-ट्यूब बंद, तीन पंखे आणि एक नऊ वॅटचा बल्ब आणि वायफाय, सगळं मिळून ११० वॅट, तर आठ-नऊ तास जाईल. म्हणजे दुकानदाराचे आठ तास आले की नाही? तो अगदीच खोटं बोलला नव्हता, फक्त कुठल्या पंख्यावर ते सांगायला विसरला. पंखे बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढायला सांगा, बीएलडीसीला तो चालत नाही, स्पीड रिमोटवरूनच. सासूबाईंना रिमोटचं कटकटीचं वाटेल आणि तो गादीखाली हरवेल, तर बटणावरून स्पीड बदलणारे पण मिळतात, तसाच त्यांच्या खोलीत घ्या.

फ्रीजची लाईन वेगळी करून घ्या, वायरमनचं तासाभराचं काम आहे, तेवढ्यात माजघरातला चौथा पंखाही मेन लाईनवरच टाकायला सांगा. इन्सुलिनची काळजी मला कळते, म्हणून नीट सांगतो. दार उघडलं नाही तर फ्रीज लाईटशिवाय चार तास थंड राहतो, मुलीला सांगा लाईट गेली की फ्रीजला हात नाही. चालू असलेली, फोडलेली बाटली किंवा पेन बहुतेक इन्सुलिनचं तीस अंशांच्या आत बाहेर ठेवलं तरी चार आठवड्यांपर्यंत चालतं, पण प्रत्येकाचं वेगळं असू शकतं, पाकिटावर लिहिलेलं असतं आणि एकदा डॉक्टरांना विचारून घ्या. न फोडलेला साठा फ्रीजमध्येच. वादळ-बिदळ झालं, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर झालं होतं तसं, की दिवसच्या दिवस लाईट नाही, तर तेव्हा टीव्ही-पंखे सगळं बंद करून इन्व्हर्टरवर एकटा फ्रीज दर चार तासांनी तासभर चालवा. त्यासाठी फ्रीजजवळ इन्व्हर्टर लाईनचा एक जादा प्लग काढून ठेवायला सांगा, रोज वापरायचा नाही, फक्त त्या दिवसासाठी. एकटा असला की त्याचा हिसका तुमचा ९०० चा सहज झेलतो. अर्थात आठ दिवस लाईट नसली तर कुठलीच बॅटरी पुरत नाही, तिला भरायला काहीतरी लागतंच. त्यासाठी पुढेमागे दीडशे-पावणेदोनशे वॅटची १२ व्होल्टच्या बॅटरीला चालणारी दोन पॅनेलं आणि एक सोलर चार्ज कंट्रोलर याच बॅटरीला जोडता येतो, उघडीप मिळाली तर दिवसभरात बऱ्यापैकी भरते. ऐन पावसात फारशी अपेक्षा ठेवू नका. घेताना पॅनेल बॅटरीच्या व्होल्टचंच आहे ना ते बघा, छपरावर बसवतात ती मोठी पाचशे-साडेपाचशे वॅटची चाळीसच्या वर व्होल्ट देतात, ती साध्या कंट्रोलरला लावायची नसतात.

राहिले गणपती. पंधरा चाकरमानी म्हणजे पंधरा मोबाईल चार्जिंगला, प्रत्येक खोलीत पंखा, ओटीवर टेबल फॅन, मखराला माळा. माळा एलईडीच्या असतील तर त्यांचं काही नाही, खुशाल लावा. मोबाईल पण किरकोळ. पंखे मोजा. त्या पाच-सात दिवसांसाठी दोन-तीन चार्जिंगवाले इमर्जन्सी बल्ब आणून ठेवा, स्वयंपाकघर, मोरी, पायरी यांना तेवढे पुरतात, लाईट गेली की आपोआप पेटतात आणि इन्व्हर्टरवर ओझं शून्य. आणि कोणीतरी मुंबईकर इन्व्हर्टरच्या प्लगला इस्त्री लावणार म्हणजे लावणारच, आरतीच्या आधी सदरा कडक करायला, त्या प्लगवर आत्ताच चिकटपट्टी मारून ठेवा.

उरलेले वीस हजार बँकेत ठेवा. बॅटरीची वॉरंटी संपून ती खरोखर मरेल तेव्हा कामी येतील, जुनी बॅटरी दुकानात परत दिलीत तर शिशाचे पैसेही वजा होतात, भंगारवाल्याला देऊ नका. दिरांना सगळे खर्च झाले असं सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही.

फ्रीज काढल्यावर आणि पंखे बसल्यावर एक संध्याकाळ घड्याळ लावून बसा, लाईट गेल्यापासून पहिलं पीं पीं होईपर्यंत किती वेळ गेला ते मिनिटांत लिहा आणि मला कळवा. साडेतीन तासांच्या खाली आलं तर तो खणाचा प्रकार, मग वॉरंटी कार्ड घेऊन दुकानात जा, आणि जाताना हा हिशोब कागदावर लिहून न्या.